वाइन कास्क फिनिश (स्कॉच व्हिस्की)

वाइन कास्क फिनिश ही सिंगल माल्ट स्कॉच व्हिस्की मुरवण्याच्या अखेरच्या टप्प्यातील एक पद्धत आहे. या पद्धतीत व्हिस्की प्रथम काही वर्षे नेहमीच्या ओक पिंपात, बहुधा अमेरिकन बर्बनसाठी वापरून झालेल्या पिंपात, मुरवली जाते. त्यानंतर ज्या पिंपात पूर्वी वाइन मुरवलेली होती अशा पिंपात ती काही महिने ते काही वर्षे ठेवली जाते. पिंपाच्या लाकडात शोषली गेलेली वाइन आणि त्या लाकडाचे स्वतःचे गुणधर्म यांमुळे व्हिस्कीचा रंग, गंध, चव आणि पोत बदलतो.

ही पद्धत १९८० आणि १९९० च्या दशकांत रूढ झाली. आज स्कॉटलंडमधील अनेक डिस्टिलरी पोर्ट, मदेरा, सोतेर्न, बर्गंडी, बोर्दो, अमारोने इत्यादी वाइनची पिंपे यासाठी वापरतात. अशा व्हिस्कीचा आस्वाद घेताना एक प्रश्न केंद्रस्थानी असतो. वाइनच्या पिंपाने मूळ व्हिस्कीच्या गुणांत भर घातली आहे, की ते गुण झाकून टाकले आहेत? या पद्धतीचे समर्थक आणि टीकाकार यांच्यातील मतभेदही मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरतात.

संज्ञा

'कास्क' म्हणजे लाकडी पिंप. 'फिनिश' हा शब्द मात्र व्हिस्कीच्या व्यवहारात दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. बाटलीवरील लेबलावर 'पोर्ट कास्क फिनिश' असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ 'पोर्टच्या पिंपात केलेली अंतिम मुरवण' असा होतो. आस्वादनाच्या टिपणात 'फिनिश दीर्घ आहे' असे म्हटलेले असते, तेव्हा घोट गिळल्यानंतर तोंडात रेंगाळणारी चव अभिप्रेत असते. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात पहिल्या अर्थी 'अंतिम मुरवण' आणि दुसऱ्या अर्थी 'उत्तरचव' हे शब्द वापरले आहेत.

'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून सुकवलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिल या तांब्याच्या भांड्यात टप्प्याटप्प्याने ऊर्ध्वपातन करून तयार केलेली व्हिस्की. 'सिंगल' या शब्दाचा संबंध डिस्टिलरीशी आहे, पिंपाशी नाही. त्यामुळे सिंगल माल्टच्या एका बाटलीत त्याच डिस्टिलरीतील अनेक पिंपांचे मिश्रण असू शकते.

शेरी आणि पोर्ट यांचा समावेश तांत्रिकदृष्ट्या वाइनमध्येच होतो. द्राक्षांपासून काढलेले तीव्र मद्य मिसळून त्यांतील अल्कोहोलचे प्रमाण वाढवलेले असते, म्हणून त्यांना प्रबलित वाइन म्हणतात. तथापि शेरीच्या पिंपांची परंपरा स्कॉटलंडमध्ये फार जुनी असल्याने 'वाइन कास्क' असे म्हणताना सहसा शेरी सोडून इतर वाइन अभिप्रेत असतात.

पार्श्वभूमी

ऊर्ध्वपातन पूर्ण झाल्यावर हाती येणारे द्रव्य पाण्यासारखे रंगहीन आणि चवीला झणझणीत असते. व्हिस्कीचा रंग आणि चवीचा मोठा भाग पिंपात मुरताना येतो. ब्रिटनमध्ये १९१५ च्या कायद्याने व्हिस्की किमान दोन वर्षे मुरवणे सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी ही मुदत तीन वर्षांची करण्यात आली.

स्कॉटलंडमधील उत्पादक नवी पिंपे क्वचितच वापरतात. आधी दुसऱ्या मद्यासाठी वापरलेले पिंप स्वस्त पडते आणि त्यातील लाकडाचा कडक तुरटपणा आधीच उतरलेला असतो. स्पेनमधील शेरी पूर्वी पिंपांत भरूनच ब्रिटनला येत असे. रिकामी झालेली ही पिंपे व्हिस्कीसाठी सहज उपलब्ध होत. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून बर्बन केवळ आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांतच मुरवण्याचा नियम आहे. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे तेथील उत्पादकांना बर्बनसाठी पुन्हा वापरता येत नाहीत आणि ती मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. १९८० च्या दशकात शेरी पिंपांतून परदेशी पाठवणे बंद झाले आणि ती स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागली. शेरीच्या पिंपांचा जुना ओघ आटला व ती महाग झाली. बर्बनच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला शेवटी वेगळ्या पिंपाची जोड देण्याचा विचार याच काळात बळावला.

इतिहास

अंतिम मुरवणीच्या आधुनिक पद्धतीचे श्रेय सामान्यतः बाल्व्हेनी डिस्टिलरीचे माल्ट मास्टर डेव्हिड स्ट्युअर्ट यांना दिले जाते. १९६२ मध्ये विल्यम ग्रँट अँड सन्स या कंपनीत रुजू झालेल्या स्ट्युअर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी बर्बनच्या पिंपातील व्हिस्की शेरीच्या पिंपात हलवून तिच्यातील बदलांचा अभ्यास केला. त्यातून 'बाल्व्हेनी क्लासिक' आणि पुढे १९९३ मध्ये 'डबलवूड' ही व्हिस्की बाजारात आली. बारा वर्षांच्या डबलवूडला ओलोरोसो शेरीच्या पिंपात सुमारे नऊ महिने ठेवले जाते.

ही पद्धत शेरीपलीकडे नेण्यात उत्तर स्कॉटलंडमधील टेन गावाजवळील ग्लेनमोरेंजी डिस्टिलरीचा वाटा मोठा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास तिने पोर्ट आणि मदेराच्या पिंपांत अंतिम मुरवण केलेल्या व्हिस्की नियमितपणे विक्रीस आणल्या. १९९५ मध्ये कंपनीत आलेले बिल लम्सडेन यांनी या प्रयोगांचा पुढे विस्तार केला. पोर्ट पिंपांतील 'क्विंटा रुबान' आणि सोतेर्न पिंपांतील 'नेक्टार डोर' ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत.

आयला बेटावरील ब्रुइक्लॅडी डिस्टिलरी २००१ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर जिम मॅकइवन यांच्या देखरेखीखाली तेथे बोर्दोच्या पिंपांसह अनेक वाइनच्या पिंपांचे प्रयोग झाले. ॲरन बेटावरील डिस्टिलरीच्या पोर्ट, सोतेर्न आणि अमारोने पिंपांतील व्हिस्की, तसेच कॅम्पबेलटाउन येथील 'लाँगरो रेड' या मालिकेतील व्हिस्की या परंपरेतील पुढील उदाहरणे आहेत.

कायदेशीर चौकट

स्कॉच व्हिस्कीचे उत्पादन २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमावलीनुसार चालते. अंतिम मुरवणीच्या दृष्टीने तिच्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

• व्हिस्की स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा अधिक क्षमता नसलेल्या ओक पिंपांत, किमान तीन वर्षे मुरलेली असली पाहिजे.
• पाणी आणि साधा कॅरॅमल रंग यांव्यतिरिक्त तिच्यात काहीही मिसळता येत नाही.
• बाटलीत भरताना अल्कोहोलचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते.
• लेबलावर वय द्यायचे झाल्यास ते मिश्रणातील सर्वांत कमी वयाच्या व्हिस्कीचे असते. अंतिम मुरवणीचा काळ या वयात धरला जातो.

व्हिस्कीत वाइन ओतण्यास मनाई आहे. वाइनचा अंश लाकडातून उतरून येणे मात्र ग्राह्य मानले जाते. ही सीमारेषा वरवर सूक्ष्म वाटली तरी संपूर्ण पद्धत तिच्यावर उभी आहे. ज्या पिंपात वाइन शिल्लक आहे अशा पिंपात व्हिस्की भरणे म्हणजे भेसळ होय. रिकाम्या केलेल्या पिंपाच्या फळ्यांत वाइन मुरलेली असणे हा पिंपाचा गुणधर्म होय.

कोणत्या मद्याची पिंपे चालतील याविषयी पूर्वी 'परंपरेने वापरली जाणारी' एवढाच निकष होता. २०१९ मध्ये संबंधित तांत्रिक दस्तऐवजात सुधारणा करण्यात आली. वाइन, बिअर आणि इतर ऊर्ध्वपातित मद्ये यांची पिंपे स्पष्टपणे मान्य झाली. मात्र आलुबुखार, चेरी यांसारख्या आठळीच्या फळांपासून केलेल्या मद्यांची पिंपे वगळण्यात आली. पिंप कोणतेही असो, तयार व्हिस्कीला स्कॉचचा पारंपरिक रंग, गंध आणि चव असलीच पाहिजे ही अट कायम आहे.

अंतिम मुरवणीच्या किमान कालावधीविषयी नियमावलीत बंधन नाही. काही व्हिस्की सहा महिन्यांत बाहेर काढल्या जातात, तर चौदा वर्षांच्या क्विंटा रुबानमधील अखेरची चार वर्षे पोर्टच्या पिंपात जातात. दोन्ही लेबलांवर 'फिनिश' हाच शब्द शोभतो.

पिंपात घडणारे बदल

वाइनच्या पिंपात व्हिस्की भरल्यावर तीन प्रकारचे बदल एकाच वेळी सुरू होतात.

पहिला बदल लाकडात मुरलेल्या वाइनमुळे होतो. वाइन पिंपाच्या फळ्यांत काही मिलिमीटर खोलवर शिरलेली असते. रिकाम्या पिंपाच्या लाकडातही अशी काही लिटर वाइन उरते. तिच्यातील रंगद्रव्ये, आम्ले, साखर आणि सुगंधी घटक व्हिस्कीत उतरतात. तांबड्या वाइनच्या पिंपातील व्हिस्कीला गुलाबी किंवा तांबूस छटा येते ती यामुळेच. हा परिणाम पहिल्या काही महिन्यांत वेगाने दिसतो.

दुसरा बदल लाकडामुळे होतो. बर्बनची पिंपे अमेरिकन पांढऱ्या ओकची असून ती आतून ज्वाळेने जाळलेली असतात. त्यांतून व्हॅनिला आणि ओल्या खोबऱ्याची आठवण करून देणारा गंध येतो. वाइनची पिंपे पुष्कळदा युरोपीय ओकची असतात आणि ती जाळण्याऐवजी मंद आचेवर भाजलेली असतात. युरोपीय ओकमध्ये टॅनिन अधिक असल्याने व्हिस्कीला मसालेदारपणा आणि तुरटपणा येतो. व्हिस्की वाइनपेक्षा कितीतरी तीव्र असल्यामुळे वाइनला न सुटलेले लाकडातील घटकही ती ओढून घेते.

तिसरा बदल संथ असतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत येणारा ऑक्सिजन, व्हिस्कीतील अल्कोहोल आणि वाइनमधून आलेली आम्ले यांच्या परस्परक्रियेतून एस्टर नावाची सुगंधी संयुगे तयार होतात. वाइन आणि व्हिस्की यांच्या चवी अलग न राहता एकजीव होण्यास या टप्प्याची गरज असते. लोणचे घातल्याबरोबर त्यात मीठ-मसाला लागतोच, परंतु ते मुरायला वेळ जावा लागतो. तसाच हा फरक आहे. पहिला बदल घडला आणि तिसरा घडायचा राहिला, अशा वेळी पिंपातून काढलेली व्हिस्की रंगाने आकर्षक पण चवीने विस्कळीत असते.

पिंपाचा आकारही निर्णायक ठरतो. बर्बनचे पिंप सुमारे २०० लिटरचे, बोर्दोचे २२५ लिटरचे, बर्गंडीचे २२८ लिटरचे, शेरीचे मोठे पिंप सुमारे ५०० लिटरचे, तर पोर्टचे सुमारे ५५० लिटरचे असते. पिंप लहान असेल तितका दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श अधिक होतो आणि परिणाम लवकर दिसतो.

वाइनचे प्रकार आणि त्यांचे परिणाम

• पोर्ट: पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील गोड प्रबलित वाइन. तिच्या पिंपातील व्हिस्कीत तांबड्या बेरी, मनुका, कडसर चॉकलेट यांची आठवण करून देणारी चव येते.
• सोतेर्न: बोर्दो प्रदेशातील गोड पांढरी वाइन. विशिष्ट बुरशीमुळे सुरकुतलेल्या, साखर घट्ट झालेल्या द्राक्षांपासून ती करतात. तिच्या पिंपातून मध, जर्दाळू आणि संत्र्याच्या सालीसारखे गंध येतात.
• मदेरा: अटलांटिक महासागरातील पोर्तुगीज बेटावरची, उष्णतेत मुरवलेली प्रबलित वाइन. परिणामी भाजलेल्या सुक्या मेव्याची, जळक्या साखरेची चव येते.
• अमारोने: इटलीच्या व्हेनेतो प्रांतातील तांबडी वाइन. ती सुकवलेल्या द्राक्षांपासून होत असल्याने गडद रंग, सुक्या चेरीची चव आणि ठळक तुरटपणा मिळतो.
• बोर्दो व बर्गंडीच्या तांबड्या वाइन: या गोड नसतात. त्यामुळे फळांच्या चवीबरोबर टॅनिनचा कोरडेपणा जाणवतो. बर्गंडीतील पिनो न्वार द्राक्षाचा परिणाम तुलनेने हलका असतो.

हे वर्णन सर्वसाधारण आहे. पिंप किती वेळा वापरले गेले, ते किती ताजे होते आणि मूळ व्हिस्की कशी होती यांवर प्रत्यक्ष परिणाम अवलंबून असतो.

तुलनात्मक आस्वादनाचे उदाहरण: टुलिबार्डिन

पर्थशायरमधील ब्लॅकफर्ड गावातील टुलिबार्डिन डिस्टिलरीची २०१३ मध्ये आलेली मालिका अंतिम मुरवणीचा परिणाम समजून घेण्यास विशेष उपयुक्त ठरते. या मालिकेतील 'सॉव्हरिन' ही व्हिस्की केवळ बर्बनच्या पिंपांत मुरलेली आहे. '२२५ सोतेर्न फिनिश', '२२८ बर्गंडी फिनिश' आणि '५०० शेरी फिनिश' या तिच्या भावंडांना नंतर अनुक्रमे त्या त्या वाइनच्या पिंपांत सुमारे एक वर्ष ठेवलेले असते. नावातील आकडे पिंपाची लिटरमधील क्षमता सांगतात. सोतेर्नची पिंपे शातो स्युदुइरो येथून, तर बर्गंडीची शातो द शासान्य-मोंत्राशे येथून आणलेली होती. चारही व्हिस्कीत अल्कोहोलचे प्रमाण ४३ टक्केच आहे.

डिस्टिलरी तीच, तीव्रता तीच आणि सुरुवातीचे पिंपही बर्बनचेच असल्याने या व्हिस्की शेजारी ठेवून चाखल्यास फरकाचे श्रेय बहुतांशी शेवटच्या पिंपाला देता येते. सॉव्हरिनमधील माल्टचा गोडवा आणि व्हॅनिला हे आधी लक्षात ठेवावे लागतात. सोतेर्नच्या आवृत्तीत हाच गोडवा मध आणि लिंबूवर्गीय फळांकडे झुकतो. बर्गंडीच्या आवृत्तीत तांबड्या फळांची चव येते आणि शेवटी जिभेवर किंचित कोरडेपणा उरतो. मूळ माल्टची ओळख दोन्हींत कितपत टिकली आहे, हे सॉव्हरिनच्या घोटाकडे परत गेल्यावरच कळते.

आस्वादनाची पद्धत

पेला: वर निमुळता होत जाणारा, फुगीर बुडाचा लहान पेला वापरतात, कारण त्यात गंध एकवटतो. २००१ मध्ये बाजारात आलेला ग्लेनकेर्न हा या प्रकारचा सर्वपरिचित पेला आहे. सुमारे १५ ते २० मिलिलिटर व्हिस्की पुरेशी असते. बर्फ घालत नाहीत, कारण थंडीने गंध दबतो.

क्रम: वाइनच्या पिंपातील व्हिस्की चाखण्यापूर्वी शक्य असल्यास त्याच डिस्टिलरीची केवळ बर्बनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की चाखतात. ही तुलनेची पायाभूत चव होय. तिच्याशिवाय पिंपाने काय दिले आणि डिस्टिलरीचे स्वतःचे काय आहे, हे वेगळे करणे अवघड जाते.

रंग: रंग पाहावा, पण त्यावर विसंबू नये. कॅरॅमल मिसळण्यास परवानगी असल्याने गडद रंग हा दीर्घ मुरवणीचा पुरावा ठरत नाही. शिवाय रंगामुळे गंधाची अपेक्षा आधीच तयार होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन तांबडा रंग घालून देण्यात आली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनसाठीच्या शब्दांत केले. पोर्टच्या पिंपातील गुलाबी छटेच्या व्हिस्कीतही हाच धोका असतो. म्हणून काटेकोर परीक्षणात लेबल झाकून आणि रंग न दिसणाऱ्या पेल्यातून व्हिस्की दिली जाते.

गंध: पेला प्रथम नाकापासून थोडा दूर धरून हळूहळू जवळ आणतात. दीर्घ श्वास घेतल्यास अल्कोहोलने नाक बधिर होते, म्हणून लहान श्वास घेतात. पहिल्या क्षणी बहुधा वाइनचा फळगंध पुढे येतो. काही मिनिटांनी तो ओसरला की खाली माल्ट, मध, धूर किंवा फुलांसारखा डिस्टिलरीचा स्वतःचा गंध येतो का, हे पाहतात.

चव आणि पोत: लहानसा घोट काही सेकंद तोंडात फिरवतात. गोडी जिभेवर लवकर कळते. टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूस उशिरा जाणवतो. कोऱ्या कडक चहाने किंवा जांभळाने तोंडाला जसा कोरडेपणा येतो, तशीच ही जाणीव असते. थोडा तुरटपणा गोडीला तोल देतो. अतिरेक झाल्यास चव आखडते.

पाणी: अर्ध्या घोटानंतर काही थेंब पाणी घालून पुन्हा वास घेतात. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठातील दोन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले, की धुरकट चवीला कारणीभूत असलेल्या ग्वायाकॉलसारख्या संयुगांचे रेणू पाण्याने व्हिस्की सौम्य केल्यावर पृष्ठभागाकडे अधिक येतात. व्यावसायिक मिश्रणकार तर गंधपरीक्षणासाठी व्हिस्की सुमारे २० टक्के तीव्रतेपर्यंत सौम्य करतात. अंतिम मुरवणीच्या परीक्षणात पाण्याचा वेगळाच उपयोग होतो. ज्या व्हिस्कीत वाइन नीट मुरलेली नाही, तिच्यात पाणी घातल्यावर फळाची चव आणि स्पिरिटची तिखट चव वेगवेगळ्या झाल्यासारख्या वाटतात.

उत्तरचव: घोट गिळल्यावर किंवा थुंकून टाकल्यावर चव किती वेळ आणि कोणत्या क्रमाने टिकते, हे पाहतात. उत्तरचवीत केवळ वाइन उरत असेल तर पिंपाने व्हिस्कीवर मात केली असे समजतात. माल्ट आणि फळ दोन्ही एकत्र मावळत असतील तर मुरवण साधली असे मानतात. अनेक नमुने चाखायचे असल्यास घोट थुंकून टाकणे ही परीक्षकांची नेहमीची रीत आहे, कारण मद्याचा अंमल चढल्यावर भेद ओळखण्याची क्षमता घटते.

वर्णनाची भाषा: १९७९ मध्ये स्कॉटलंडमधील पेंटलँड्स संशोधन संस्थेने व्हिस्कीच्या गंधांचे चक्राकार वर्गीकरण तयार केले. उद्योगातील लोकांनी समान शब्द वापरावेत हा त्यामागील उद्देश होता. तथापि प्रत्येक आस्वादक आपल्या परिचयातील पदार्थांच्याच आधारे गंध ओळखतो. ब्रिटिश टिपणांत येणारी ब्लॅककरंट किंवा हेदर ही नावे महाराष्ट्रातील वाचकाच्या अनुभवात क्वचितच असतात. अशा वेळी करवंद, जांभूळ, काळ्या मनुका, सुके अंजीर, खसखस, जायफळ किंवा गूळ असे शब्द वापरल्याने वर्णन कमी अचूक होत नाही. उलट ज्या गंधाची आठवण पक्की आहे त्याचे नाव घेतल्याने निरीक्षण अधिक विश्वसनीय होते.

सर्वसाधारण दोष

• गंधकाचा वास: रिकामी वाइनची पिंपे जंतुदोषापासून वाचवण्यासाठी त्यांत गंधक जाळतात. त्याचा अंश उरल्यास व्हिस्कीत विझलेल्या आगकाडीसारखा किंवा रबरासारखा वास येतो.
• आंबटपणा: पिंपातील वाइन हवेने बिघडून तिचे व्हिनेगरकडे परिवर्तन सुरू झाले असल्यास व्हिस्कीत टोचणारा आंबट वास उतरतो.
• अतिरिक्त तुरटपणा: टॅनिनयुक्त पिंपात व्हिस्की फार काळ राहिल्यास चव कडवट आणि कोरडी होते. हा दोष नंतर काढता येत नाही. म्हणून अंतिम मुरवणीच्या काळात पिंपांतून वरचेवर नमुने काढून तपासावे लागतात.
• विसंगती: पीटच्या धुरावर सुकवलेल्या माल्टची धुरकट व्हिस्की आणि गोड तांबडी वाइन यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही. तो बसल्यास मात्र परिणाम लक्षणीय असतो.

मतभेद

अंतिम मुरवणीवरील मुख्य आक्षेप असा, की थकलेल्या पिंपात वर्षे काढलेली, फिकी राहिलेली व्हिस्की विकाऊ करण्याचा तो एक मार्ग आहे. काही महिन्यांची वाइनची पुटे चढवून साध्या व्हिस्कीला दुर्मीळपणाचे मोल लावले जाते आणि मुरवणीचा अचूक कालावधी लेबलावर देण्याचे बंधन नसल्याने ग्राहकाला त्याचा अंदाज येत नाही, असे टीकाकार म्हणतात. प्रत्येक डिस्टिलरीची वेगळी ओळख हे सिंगल माल्टचे वैशिष्ट्य असताना सर्वांनी पोर्टची चव देऊ लागावे, यालाही त्यांची हरकत असते.

समर्थकांच्या मते व्हिस्कीची चव पूर्वीपासूनच दुसऱ्या मद्याच्या पिंपांवर अवलंबून आहे. बर्बन आणि शेरीची पिंपे शुद्ध मानायची व सोतेर्नचे पिंप कृत्रिम मानायचे, याला सवयीपलीकडे आधार नाही. उत्तम व्हिस्कीला योग्य पिंप आणि पुरेसा वेळ दिल्यास तिच्यातील सुप्त गुण अधिक स्पष्ट होतात, असे ते दाखवून देतात.

सुजाण आस्वादक या वादाचा निर्णय सरसकट न करता बाटलीपरत्वे करतात. लेबल झाकून चाखल्यावरही डिस्टिलरी ओळखू येते की केवळ वाइन ओळखू येते, ही त्यासाठीची सर्वमान्य कसोटी होय. जो उत्पादक पहिल्या व दुसऱ्या पिंपातील वर्षे स्वतंत्रपणे जाहीर करतो आणि कृत्रिम रंग नसल्याचे सांगतो, त्याच्या बाबतीत ही कसोटी लावणे ग्राहकाला सोपे जाते.

स्कॉटलंडबाहेरील प्रसार

वाइनच्या पिंपांचा वापर आता इतर देशांतील सिंगल माल्टमध्येही रूढ आहे. तैवानमधील कावालान डिस्टिलरीच्या 'सोलिस्ट व्हिन्यो बारीक' या व्हिस्कीला २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातील सर्वोत्कृष्ट सिंगल माल्टचा सन्मान मिळाला. तिच्यासाठी वापरलेली वाइनची पिंपे आतून तासून, भाजून आणि पुन्हा जाळून तयार केलेली होती. हे तंत्र स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जिम स्वॉन यांच्या नावाशी जोडले जाते. तासल्यामुळे बिघडलेल्या वाइनचा थर निघून जातो आणि ताजे लाकूड वर येते. कावालानच्या या व्हिस्कीत वाइनचे पिंप शेवटी जोडलेले नसून संपूर्ण मुरवण त्यातच होते, हा अंतिम मुरवणीहून असलेला फरक लक्षात घ्यावा लागतो.

भारतात बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने 'पोर्टोनोव्हा' या सिंगल माल्टसाठी पोर्टची पिंपे वापरली. हरियाणात तयार होणाऱ्या 'इंद्री त्रिनी' या व्हिस्कीत बर्बन, फ्रेंच वाइन आणि पेद्रो हिमेनेस शेरी अशा तीन प्रकारच्या पिंपांचा उपयोग केलेला असतो. गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टच्याही शेरी पिंपांतील आवृत्त्या आहेत.

हवामानामुळे भारतातील मुरवणीचे गणित स्कॉटलंडहून वेगळे असते. पिंपातून बाष्परूपाने उडून जाणाऱ्या व्हिस्कीला 'देवदूतांचा वाटा' असे म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण वर्षाला सुमारे २ टक्के असते. गोवा आणि बंगळूर येथील उष्णतेत ते कितीतरी पटींनी वाढते. उष्णतेमुळे लाकडातील घटकही वेगाने उतरतात. स्कॉटलंडमधील थंड गोदामात वाइनचे पिंप वर्षभर निर्धास्तपणे ठेवता येते. गोव्यात तेवढ्याच काळात टॅनिनचा अतिरेक होण्याचा संभव असतो. त्यामुळे येथे वर्षांच्या हिशेबापेक्षा वारंवार चाखून घेतलेला निर्णय अधिक महत्त्वाचा ठरतो. स्कॉच ही संज्ञा भारतातही भौगोलिक निर्देशांक म्हणून संरक्षित आहे. म्हणून पद्धत तीच असली तरी भारतात मुरवलेल्या व्हिस्कीला स्कॉच म्हणता येत नाही. ती 'भारतीय सिंगल माल्ट' म्हणून ओळखली जाते.